दीड टन थंडी

मे महिन्यातली भर दुपार. कळंब्याच्या तळ्यावरून येणारा वारासुद्धा तापलेला. तरी सयाजीच्या घरापुढं रांग लागली होती. आत जाणारा माणूस कपाळ पुसत जायचा आणि बाहेर येणारा अंगावरचा काटा दाखवत यायचा.

"हात लावून बगा की पावणं. कसा गार पडलाय."

"आत कूलर असंल."

"कूलर न्हाई, पंखा न्हाई, बर्फाची लादी न्हाई. नुसते महाराज बसल्यात."

महाराजांचं नाव हिमनाथ. खोलीच्या मधोमध चौरंग, त्यावर लोकरीची शाल पांघरून ते बसलेले. मागच्या भिंतीवर उंच, जाळीच्या पातळ कापडावर रंगवलेला भला मोठा कैलास पर्वत, आणि त्याच्याखाली तांब्याची नळी. नळीतून थेंब थेंब पाणी खालच्या घागरीत पडायचं. ती गंगा, आणि घागरीतलं पाणी म्हणजे तीर्थ. महाराज बोलायचे मात्र झोकात.

"थंडी मी आणत नाही, बेटा. बारा वर्षं हिमालयात राहिलो, आता थंडीच मला सोडत नाही. मी एसटीत बसलो की कंडक्टर मफलर काढतो."

घरामागं आणखी एक नवल होतं. बांबूच्या तट्ट्यांच्या आडोशात महाराजांची अखंड धुनी. लाकूड नाही, धूर नाही, जाळ नाही. पण जवळ गेलं की गरम वारा भसाभसा अंगावर यायचा आणि आतून गुरगुर ऐकू यायची. "अग्निदेव हाय. आत डोकावला त्येचे डोळे जातील," असं सयाजी सांगायचा. डोळे सगळ्यांनाच प्यारे, म्हणून कुणी डोकावत नव्हतं.

मी हे सगळं लांबून ऐकत होतो. शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हापासून मला एक खोड आहे: नवल ऐकलं की आधी मजा वाटते, मग ते कसं होतं हे बघावंसं वाटतं. पण उन्हात रांग लावण्याएवढी हौस नव्हती. मला उठवलं ते मोनानं.

मोना आमच्या शेजारच्या पिराजीची नात. सातवीत गेलेली. सुट्टीत रोज सकाळी माझ्या अंगणात येऊन प्रश्न विचारायची. त्या दिवशी प्रश्न नव्हता, रडवेला चेहरा होता.

"सर, आजोबांनी बीपीच्या गोळ्या सोडल्या. पाच दिवस झाले. महाराज म्हणाले, गोळ्या उष्ण असतात, एकवीस दिवस नुसतं तीर्थ घ्या. काल आजोबा मोरीत जाताना तोल जाऊन भिंतीला धडकले."

मी तडक पिराजीकडं गेलो. तो खाटेवर बसला होता, डोळे लाल, डोक्याला पट्टी. वर पत्रा तापून तव्यासारखा झालेला. त्याची बायको अंबूबाई कुरड्या डब्यात भरत होती.

"पिराजी, गोळ्या का सोडल्यास?"

"मास्तर, तुमी आत जाऊन आलाय का? न्हाई न्हवं? मग बोलू नका. आसली थंडी मानसाच्या हातनं हुईत न्हाई."

"एसीनं होते की."

पिराजी हसला. तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं होता. गाडीची चाकं बघून उसाचं वजन सांगायचा. वजनाच्या बाबतीत त्याला शिकवायला कुणी धजत नसे.

"एसीचं मला सांगू नका. माज्या पोरानं, पृथ्वीराजनं, त्या एसीवाल्या उमर मेस्त्रीला आनलंतं की घरात. डाक्टर म्हनलं, म्हाताऱ्याला गारव्यात ठेवा. मी इचारलं, केवढी मशीन? त्यो म्हनला, दीड टनाची. आता बोला. दीड टन म्हंजे भरलेली बैलगाडी. ती माज्या ह्या भितीवर टांगायची? भीत ऱ्हाईल का म्हातारा ऱ्हाईल?"

"आनि ते बोगदे," अंबूबाई म्हणाली. "थेटरात छताला पत्र्याचे ह्ये एवढे बोगदे असत्यात, त्यातनं वारं येतंय. ते घालायला आमी घर फोडावं व्हय?"

"म्हून म्हनतो," पिराजीनं बोट वर केलं, "महाराजांच्या खोलीत एसी असता तर दीड टनानं भीत पडली असती. भीत उभी हाय. म्हंजे एसी न्हाई. म्हंजे थंडी महाराजांची. ह्यात काय चुकलं सांगा."

विचाराची मांडणी बिनचूक होती. पायाचा एक दगड तेवढा वाकडा होता. आणि तो माझ्या सांगण्यानं हलणार नव्हता.

"बरं," मी मोनाला म्हणालो, "तू आजीबरोबर तिथं जातेस ना? काही बोलू नकोस. नुसतं बघ आणि लिहून आण. तुला काय वाटतं ते नको, काय दिसतं तेवढंच."

तीन दिवसांनी तिनं वहीचं पान आणलं. गोल अक्षरात लिहिलं होतं की खोलीचं दार जरा उघडं राहिलं तर सयाजीकाका ओरडतात, थंडी पळून जाईल म्हणून. भक्त जास्त असले की गंगा जास्त वाहते. आजी कुरड्या सुकवायला धुनीजवळ ठेवते आणि त्या दुपारभरात कडक होतात. सोमवारी सकाळी लाईट गेली तेव्हा महाराजांनी मौन धरलं आणि दर्शन बंद केलं. त्याच वेळी मागं धुनीची गुरगुरही थांबली होती. लाईट आल्यावर आधी धुनी गुरगुरली, मग महाराज बोलायला लागले.

"सर, पुढं थंड आणि मागं गरम," मोना हळूच म्हणाली, "आणि दोन्ही एकदम बंद पडतात. म्हणजे दोन चमत्कार नाहीतच. एकच आहे."

इतकं चांगलं वाक्य मला शाळेत फार थोड्या मुलांनी ऐकवलं होतं.

उमर मेस्त्री माझा जुना विद्यार्थी. पान वाचून तो पोट धरून हसला. "सर, ही धुनी मी रोज चार घरांच्या मागं बसवतो." मग त्यानं खिशातून एक रिमोट काढला. कुठल्याही कंपनीची मशीन चालवणारा, मेस्त्री लोक वापरतात तसला.

गुरुवारी खोली खच्चून भरली होती. मी, मोना आणि उमर पिराजी-अंबूबाईंच्या मागं बसलो. खरं सांगायचं तर आत शिरताच मलाही बरं वाटलं. गारवा एकसारखा, आवाज जवळजवळ नाहीच. महाराज रंगात आले होते.

"कैलासावर माझी एक विनंती गेली की एक थेंब खाली येतो. दहा गेल्या की दहा. हिशेब चुकत नाही. तिथं ऑफिस नाही, बेटा, तिथं फाइल अडकत नाही."

लोक हसले. मोनानं उमरचा रिमोट कैलासाकडं धरून बटण दाबलं.

कैलासातून आवाज आला: टीं.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. महाराजांनी डोळे मिटले. "प्रभूंनी हुंकार दिला."

मोनानं पुन्हा दाबलं. टीं. पुन्हा दाबलं. टीं. टीं.

"प्रभू आज लईच हुंकार द्यालाय," मागून कुणीतरी म्हणालं.

मोना उभी राहिली. "मी बटण दाबते तेव्हाच देतो. आता मी तीस अंशांवर ठेवते. महाराज, तुमची थंडी तुम्हाला सोडत नाही ना? मग बसून राहा."

सयाजी तिच्याकडं धावला, पण पिराजी मध्ये उभा राहिला. "पोरीला हात लावायचा न्हाई. बसू दे की धा मिन्टं. महाराज खरं असतील तर भ्यायचं काय?"

दहा मिनिटं फार असतात, विशेषतः पत्र्याखाली, मे महिन्यात, साठ माणसांत. पाचव्या मिनिटाला बायका पदरानं वारा घालू लागल्या. सातव्याला महाराजांच्या कानशिलावरून घाम ओघळला. नवव्याला शाल खाली आली आणि आतला बनियन दिसला.

उमर उठला आणि त्यानं कैलासाचं कापड बाजूला केलं. भिंतीवर एक पांढरी लांबट पेटी होती, दोन हात लांब.

पिराजी पुढं झाला. पेटी पाहिली, भिंत पाहिली, मग उमरकडं वळला.

"किती टनाची?"

"दीड टनाचीच, काका. तुमच्या घरी सांगितली होती तेवढीच."

"दीड टन? ही? काटा मारलाय का काय रं?"

खोलीत हशा पिकला. पण पिराजी हसत नव्हता. तीस वर्षांच्या काट्याचा प्रश्न होता. उमरच्या टेम्पोत तसलीच नवी पेटी होती. ती आणली, आणि दारातल्या पेढेवाल्याच्या काट्यावर पिराजीनं स्वतः ठेवली. आकडा आला अकरा किलो. त्यानं उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा अकरा.

"बाहेरचा भाग जड असतो, पण तोही दोन माणसं उचलतात," उमर म्हणाला.

"मग टन कुठं गेला?"

आता माझी पाळी होती. "पिराजी, जुन्या काळी खोली गार करायला बर्फ ठेवायचे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना खोलीतली जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ओढणारी मशीन ती एक टनाची. हे वजन मशीनचं नाही. जो बर्फ आणावा लागला नाही, त्याचं आहे."

पिराजीनं पेटी काट्यावरून उतरवली. "म्हंजे दीड टन बर्फ रोज वाचला," तो म्हणाला. "आसं सरळ सांगायचं न्हाई व्हय त्या पोरानं?"

मग आम्ही सगळी वरात घरामागं नेली. उमरनं तट्ट्या काढल्या. कुणाचे डोळे गेले नाहीत. आत पंख्याची लोखंडी पेटी गुरगुरत होती आणि तिथून दोन बारीक तांब्याच्या नळ्या मुठीएवढ्या भोकातून खोलीत गेल्या होत्या.

"बोगदे कुठायत?" अंबूबाईनं विचारलं.

"ह्याला बोगदे लागत नाहीत, मावशी," उमर म्हणाला. "नळ्यांत एक वायू फिरतो. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि हितं बाहेर टाकतो. त्याच उष्णतेवर तुमच्या कुरड्या वाळल्या. आवाज करणारा भाग बाहेर, म्हणून आत शांत. छत फोडायला नको, भिंतीत एवढं भोक पुरतं. आणि सगळं घर गार करत बसायचं नाही. ज्या खोलीत माणूस आहे तेवढीच करायची. वीजही त्यामानानं वाचते."

"आनि गंगा?"

"फुलपात्रात गार पाणी ठेवलं की बाहेरून घाम येतो ना? तसा ह्या पेटीला आत येतो. साठ माणसांच्या श्वासातली वाफ आहे ती, मावशी. पेटीतली धूळ घेऊन खाली येते."

अंबूबाईनं तोंडावर पदर धरला आणि सरळ नळाकडं चूळ भरायला गेली.

महाराज मागच्या बोळातून निसटायच्या बेतात होते. दोघातिघांनी त्यांना धरलं, हातही उगारले. मी मध्ये पडलो. मारून काय सिद्ध होणार? औषध सोडायला लावून लोकांना फसवणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात कायदा आहे. पोलिस ठाण्यात रीतसर तक्रार दिली. पहिली सही पिराजीनं केली. मशीन पाडव्याला बसवल्याचं सयाजीनं तिथंच कबूल केलं.

ठाण्यातून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पिराजीचं बीपी दोनदा मोजलं आणि त्याला तिथंच झोपवून ठेवलं. "आणखी चार दिवस गेले असते तर मी काही करू शकलो नसतो," ते म्हणाले. मोनानं पिशवीच्या कप्प्यातून गोळ्यांची पाकिटं काढली. आजीनं फेकायला दिलेली तिनं जपून ठेवली होती. पिराजीनं गोळी घेतली आणि नातीचा हात हातात धरून डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात उमरनं त्याच्या खोलीत मशीन बसवली. अडीच तास लागले. भिंतीला भोक पडलं तेव्हा अंबूबाई शेजारी झाडू घेऊन उभी होती. धूळ निघाली सूपभर. आधी पत्र्याला वरून पांढरा चुना दिला, दारांच्या फटी बुजवल्या, म्हणजे मशीनला कमी राबावं लागेल. आकडा सव्वीसवर ठेवतात, त्याखाली नाही, आणि पेटीतली धूळ अडवणारी जाळी दर पंधरा दिवसांनी मोना धुते.

मुलांनो, त्या खोलीतला गारवा खोटा नव्हता. खोटा होता तो त्यावर हक्क सांगणारा माणूस. ज्यांनी हे यंत्र शोधलं त्यांनी कुणाला पायावर डोकं ठेवायला लावलं नाही, की कुणाचं औषध बंद केलं नाही. ते कसं चालतं हे त्यांनी लिहून ठेवलं, म्हणजे कुणालाही ते करता यावं. ज्याला खरोखर येतं तो कसं केलं ते सांगतो. ज्याला फसवायचं असतं तो तट्ट्या लावतो आणि डोळे जातील म्हणतो. म्हणून भीती घातली की तिथंच डोकावून बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना गोळ्या वेळेवर द्या.