एक दिवस तुला, एक दिवस त्याला

“खोटं बोलू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळी रोज घेतली असती तर रक्ताचा असा रिपोर्ट आलाच नसता.”

ठिणगी खुर्चीतून उठलाच. बसगाड्यांचे सांगाडे जोडणाऱ्या कारखान्यात तो वेल्डर होता. हे नाव त्याला सोबत्यांनी दिलं होतं, आणि ते त्याच्या कामावरून दिलं की स्वभावावरून, हे विचारायची हिंमत कुणी करत नसे.

“मी खोटं बोलतो? मी? गोळी पोटात गेल्याशिवाय मी कधी कामावर पाऊल टाकलेलं नाही. आई स्वतःच्या हाताने देते, पाण्याचा पेला धरून उभी राहते. विचारा तिला! तुमचं यंत्रच खोटं बोलत असेल.”

“यंत्रावर ओरडून काय होणार? बसा.”

“नाही बसत.”

“मग उभ्यानेच ऐका.” बाईंचा आवाज चढला नाही, पण त्यातला ओलावा गेला. “ही ब प्रकारची कावीळ तुमच्या अंगात जन्मापासून आहे. गोळी त्या विषाणूला मारत नाही, नुसती दाबून धरते. हात सैल पडला की तो उसळतो. मागच्या तपासणीत तुमच्या रक्तात तो शोधूनही सापडत नव्हता. आज भरमसाट आहे. तुमचं यकृत आधीच कडक व्हायला लागलेलं, त्यात ही सूज. ही आवरली नाही तर जिवावर बेतेल. समजतंय?”

समजत होतं. म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली होती. या आजाराने त्याचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलीचा मामा रिपोर्ट वाचून असा उठला होता, जणू खुर्चीलाच रोग झाला आहे. ते सगळं गिळून तो एक नेम पाळत होता, आणि आता ही बाई म्हणते, तू खोटारडा.

“उद्या या. घरात असतील त्या सगळ्या गोळ्या घेऊन या,” बाई म्हणाल्या. “आई आणि भावालाही आणा.”

दार आपटूनच तो बाहेर पडला.

घरी आई शिलाई यंत्रावर पडदे शिवत होती. नवरा गेल्यापासून याच यंत्रावर तिने दोन पोरं वाढवली होती. ठिणगी आत आला आणि चपला न काढताच म्हणाला, “माझ्या गोळ्यांचा डबा कुठाय?”

“हातपाय तरी धू.”

“डबा, आई!”

तिने फळीवरचा डबा काढून दिला. पाकिटं फोडून गोळ्या एकत्र डब्यात ठेवायची तिची जुनी सवय. आजवर त्याने तो कधी उघडून पाहिला नव्हता. सकाळच्या घाईत तिने तळहातावर ठेवावी, त्याने डोळे चोळत गिळावी, असंच चालत आलं होतं. आता त्याने तो पडद्याच्या कापडावर उपडा केला. गोळ्या सगळ्या पांढऱ्या. पण काहींवर अक्षरं कोरलेली, काही अगदी कोऱ्या.

“या कोऱ्या कसल्या?”

“माझ्या आहेत. हाडांच्या. कॅल्शियमच्या.”

“तुझ्या गोळ्या माझ्या डब्यात काय करतायत?”

आईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. घाबरली नाही. उलट कुणीतरी विचारण्याची वाट पाहत असल्यासारखी ताठ बसली.

“एक दिवस तुला ती खरी देते, एक दिवस त्याला. ज्या दिवशी त्याला, त्या दिवशी तुला माझी.”

काही क्षण त्याला तिचे शब्द नुसते ऐकू आले. मग अर्थ आला.

“कधीपासून?”

“धाकट्याला तो ताप आला होता ना, तेव्हापासून. कसा वाळला होता पोरगा.”

“अगं, ताप कुणालाही येतो! पावसात फुटबॉल खेळत होता तो! त्याला गोळीची गरज नाही, असं बाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं!”

“गरज नाही असं नाही म्हणाल्या,” आईचा आवाज आता त्याच्याइतकाच वर गेला. “‘आत्ता नको, पुढे बघू’ असं म्हणाल्या. तुझ्या बापालाही हेच म्हणाले होते. पुढे बघू, पुढे बघू! त्याचं पोट पाण्याने माठासारखं झालं, तेव्हा म्हणाले, उशीर केलात. मी परत उशीर करू? एकाच पोटचे दोघे, रोग एकच, मग एकाला औषध आणि दुसऱ्याच्या तोंडाला पानं पुसायची? हा कुठला न्याय?”

“म्हणून माझ्या तोंडचं काढलंस?”

“अर्धं काढलं. सगळं नाही.”

त्याने डबा भिंतीवर फेकला. तेवढ्यात धाकटा, पाण्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर, गाडी लावून दारात आला. डब्याचं झाकण गडगडत त्याच्या पायाशी थांबलं.

“आज गोलकीपर मी का?” तो हसत म्हणाला. मग दोघांचे चेहरे पाहून त्याचं हसू आटलं. “काय झालं दादा?”

“तुला आई गोळी देते?”

“हो. ताकदीची. एक दिवसाआड.” तो दोघांकडे आळीपाळीने पाहू लागला. “का? कसली होती?”

ठिणगीने सांगितलं. धाकटा मटकन उंबऱ्यावर बसला.

“आई, अगं मला विचारायचं तरी! मी काय तान्हं बाळ आहे?”

“विचारलं असतं तर तू घेतली असतीस?”

“मुळीच नाही.”

“म्हणूनच नाही विचारलं,” आई म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पण सुईत दोरा नव्हता. ती नुसतंच कापडाला भोकं पाडत होती, आणि ते थांबवायला कुणी पुढे झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघे दवाखान्यात एका बाकावर बसले. ठिणगी मध्ये बसला नाही, कडेला बसला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोकं धरून बसतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं.

“काल मी तुम्हाला खोटारडे म्हटलं,” त्या ठिणगीला म्हणाल्या. “चूक माझी.”

“ते राहू द्या. हिला सांगा. माझं ऐकत नाही.”

बाई आईकडे वळल्या. “आई, असं समजा, दोन भावांच्या दोन घरांत चोर शिरलाय. एका घरात तो भिंती फोडतोय. दुसऱ्या घरात कोपऱ्यात झोपलाय. भिंती फोडणाऱ्याला आज आवरायलाच हवं.”

“आणि झोपलेल्याला जागं होईपर्यंत झोपू द्यायचं?” आई फाडकन म्हणाली. “चोराच्या उशाशी बसून अंगाई म्हणायची?”

धाकट्याला हसू फुटलं. भावाचे वटारलेले डोळे दिसताच त्याने ते खोकल्यात लपवलं.

“नाही. पहारा ठेवायचा. रक्त तपासत राहायचं. वय, यकृताची सूज, घरात कुणाला काय झालं, हे सगळं पाहून गोळी कधी सुरू करायची ते ठरतं. एकदा सुरू केली की ती बहुधा वर्षानुवर्षं चालते, मनाला येईल तशी सोडता येत नाही. सोडली की काय होतं, ते तुमच्या थोरल्यात दिसतंय. धाकट्याचं रक्त आता नव्याने पाहीन. अशी अर्धवट गोळी खाऊन झालीय, तेव्हा पहारा आणखी कडक लागेल. पण ‘पुढे बघू’ म्हणजे विसरून जाऊ, असं नाही.”

“ह्यांच्या बापाला तर विसरलेच होते,” आई म्हणाली.

बाईंनी नजर खाली वळवली, आणि ती नजर आईच्या पायांवर थांबली. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यांवर आले होते. बाईंनी तिचा हात ओढून तळवा उजेडात धरला. तो लालबुंद होता.

“तुमची तपासणी कधी झाली?”

“कसली?”

“याच रोगाची.”

“मला काय झालंय?” आई म्हणाली. “आजारी पोरं आहेत.”

मग बाईंनी तिला तपासणीच्या पलंगावर झोपवलं, पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं आणि शेजारच्या इमारतीत सोनोग्राफीला पाठवलं. सगळे रिपोर्ट दुपारपर्यंत हातात आले. तिघांत सगळ्यात कडक यकृत आईचं होतं. दगडासारखं, आणि पोटात पाणी साठायला सुरुवात झालेली.

“यांना गोळी आजपासून,” बाई म्हणाल्या. “हे आधीच व्हायला हवं होतं.”

तेव्हा ठिणगी पेटला. कालचा राग त्याच्यापुढे काहीच नव्हता.

“आधीच? कालचा दिवस सोडला तर ही माझी आई दर वेळी माझ्याबरोबर येते. तुमच्या दारातल्या बाकावर बसते. तुम्हीच सांगितलंत ना, हा रोग आईकडून मुलांना आलाय? जाता जाता सांगितलंत, हवा-पाण्याबद्दल बोलावं तसं! त्या रात्री ही जेवली नाही. रोग आईकडून आला, एवढं कळलं तुम्हाला. मग ती आई कुठाय, ती कशी आहे, एवढं विचारायला तुमचं तोंड झिजलं असतं?”

बाहेरच्या रांगेतले लोक दारात गोळा झाले. बाई उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. “विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग का नाही विचारलंत? कुणीच कसं...”

आणि तिथे त्याची जीभ अडली. कुणीच म्हणजे कोण, ते त्याला त्याच्याच आवाजात ऐकू आलं होतं. एका छपराखाली राहून, तिच्या हातून रोज गोळी घेऊन, ते सुजलेले पाय त्यानेही पाहिले नव्हते. आई पलंगावरून उतरायला पाऊल चाचपत होती. धाकट्याने धावत जाऊन हात दिला.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. ठिणगीचे डोळे पिवळे झाले, कारखाना सुटला, काही दिवस दवाखान्यात काढावे लागले. मग हळूहळू सूज उतरू लागली. धाकट्याचा चोर अजून झोपलेलाच निघाला. त्याची गोळी बंद झाली आणि तपासणीची तारीख ठरली. थोरल्याने दोन्ही पाकिटं, आपलं आणि आईचं, स्वतःच्या ताब्यात घेतली. आईशी तो कामापुरतं बोले. ती काही विचारायला लागली की भांडं आपटून उठे. आपला राग कुणावर आहे, हे आता त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण राग होता, आणि तो सकाळी त्याच्या आधी उठत असे.

एके दिवशी अंगणात धाकट्याने त्याला गाठलं आणि मूठ उघडली. तळहातावर एक ओली, कडा विरघळलेली गोळी होती.

“आईने दिली. म्हणाली, तुझी बंद केलीय ना, ही घे, कुणाला सांगू नकोस. दादा, आई स्वतःची गोळी जिभेखाली लपवते रे.”

ठिणगीने ती गोळी घेतली आणि आत गेला. आई भांडी पुसत होती. तो ओरडेल म्हणून ती तयार उभी राहिली. पण तो ओरडला नाही. त्याने पाकीट फोडून कोरडी, अख्खी गोळी तिच्या हातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला.

“गिळ.”

तिने गिळली.

“तोंड उघड.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. याच पोराला तिने औषधाच्या चमच्यामागे घरभर पळवलं होतं. आता तिने लहान मुलासारखं तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, मग ती वर उचलून खालचंही दाखवलं.

पण ठिणगीची मान तिकडे वळेना. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने पाहिल्याशिवाय मिटायचं नाही, असं समजून आई तशीच तोंड उघडं ठेवून थांबली.