दरीत न पडलेला खिळा

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकून कॅलेंडर अडकवतात तसला नव्हे. मी वीतभर लांब, दोन बोटे रुंद आणि टोकाकडे निमुळता आहे. माझ्या डोक्याशी एक भोक आहे. कड्याच्या भेगेत मला ठोकायचे, भोकात कडी अडकवायची, कडीतून दोर ओवायचा आणि त्या दोरावर माणसाने आपला जीव टांगायचा, यासाठी मला घडवले. गिर्यारोहक मला पिटॉन म्हणतात. जुन्या वस्तूंना लोक कौतुकाने विचारतात, तुम्ही काय काय पाहिले, काय काय केले? मला कोणी असे विचारले की मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, एवढेच बरे.

आधी मी एका मालट्रकच्या पाट्यात, म्हणजे चाकावरच्या धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्टीत होतो. खड्ड्यातून उसळून पाटा तुटला आणि तो दुरुस्तीला मिस्त्रीकडे आला. मिस्त्रीचे दुकान म्हणजे पत्र्याची लांबट शेड. एका टोकाला भट्टी, मधे ऐरण आणि दाराशी तुटक्या पाट्यांचा ढीग. आठवडाभर तो ट्रकचे पाटे बसवी आणि सुट्टीच्या दिवशी कडे चढायला जाई. त्याच्या जोडीला शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर असे. मिस्त्री कमी बोले, मास्तर त्याची भरपाई करी.

त्यांच्या गावापासून दोन तासांवर एक उभा कडा होता. सगळे त्याला नुसते 'भिंत' म्हणत. ती इतकी उंच होती, की चढायला सात-आठ दिवस लागणार आणि झोपायचेही दोरावर टांगून, असा हिशेब होता. तोवर तिच्या माथ्यावर त्या बाजूने कोणी पोहोचले नव्हते. बाजारात मिळणारे मऊ लोखंडाचे खिळे दोनदा ठोकले की वाकत. एवढ्या मोठ्या चढाईला तसले खिळे वाहून न्यायचे तर गाढवच लागले असते.

मिस्त्री म्हणाला, "पाट्याच्या पोलादाचे करतो मी. वीस वेळा ठोका, वीस वेळा उपटून काढा. हूं की चूं करणार नाहीत."

त्याने आम्हाला लाल तापवले, ठोकून चपटे केले, भोके पाडली. मग पाणी दिले. मित्रांनो, म्हणायचे पाणी, असते मात्र तेल. लाल खिळा तेलात बुडवायचा आणि मग पुन्हा हलकेच तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा. कडकपणा जास्त राहिला तर खिळा काचेसारखा तुटतो, फार उतरला तर वाकतो. तो नेमका क्षण पुस्तकात सापडत नाही, तो मिस्त्रीच्या डोळ्यांत होता. त्या वर्षी त्याने आम्हा चाळीस जणांना घडवले. दुसरे गिर्यारोहकही त्याच्याकडून खिळे नेऊ लागले. "मिस्त्रीचा खिळा आहे," एवढे म्हटले की दोरावरचा माणूस निर्धास्त होई. त्या वेळी मला माझा फार अभिमान वाटे.

मग आम्ही भिंतीवर गेलो. पहिले पाच दिवस काय सांगू! आळीपाळीने एकजण पुढे चढे, खिळे ठोकी, वर पोहोचला की दोर पक्का करी. दुसरा त्या दोरावरून वर येता येता खिळे काढून घेई. खिळा भेगेत घट्ट बसू लागला की प्रत्येक घावाला त्याचा आवाज चढत जातो, गाणाऱ्याने सूर चढवावा तसा. दिवसभर भिंतीवर आमचेच गाणे चाले. खाली झाडे मेथीच्या जुडीएवढी दिसू लागली होती.

सहाव्या दिवशी दुपारी मास्तर पुढे होता. सकाळीच त्याने मिस्त्रीला चिडवले होते, "तुझ्या चालीने गेलो तर माथ्यावर पोहोचेपर्यंत माझी पेन्शन सुरू होईल. आज बघ माझा वेग." दोराच्या शेवटी त्याला दोन भेगा मिळाल्या. एकीत त्याने माझ्या भावाला ठोकले. तो सुरेख गायला. दुसरी भेग बाहेरच्या बाजूला फाकलेली होती, नरसाळ्यासारखी. तिच्यात त्याने मला ठोकले.

माझा आवाज चढला नाही. ठप्, ठप्, ठप्. मी निम्मा बाहेरच होतो. मला दगडाचा नीट स्पर्शही होत नव्हता. मास्तरला ते कळले. हातोडा थांबवून तो माझ्याकडे बघत राहिला. या भेगेला जाड खिळा हवा होता आणि जाड खिळे मिस्त्रीच्या कमरेला होते. ते मागवायचे तर दोर खाली सोडा, पुन्हा ओढा, त्यात अर्धा तास जाणार. शिवाय सकाळची फुशारकी.

खालून मिस्त्रीने हाक दिली, "कसा बसलाय?"

"पक्का!" मास्तर ओरडला. "ये वर!"

मिस्त्री ज्यावरून येणार तो मुख्य दोर त्याने माझ्या कडीत बांधला. स्वतःला त्याने भावाशी बांधले आणि दोराचे टोकही त्यालाच अडकवले, पण मधे बराच ढिला दोर राहिला.

मिस्त्री दोरावरून वर येऊ लागला. प्रत्येक हिसक्याला मी केसभर सरकत होतो. मी धरायचा प्रयत्न केला, मित्रांनो. पण मी लोखंड आहे. ठोकणाऱ्याने जेवढे बसवले तेवढेच मला धरता येते. मी निसटलो.

मिस्त्री दोन पुरुष उंचीएवढा खाली गेला आणि भावाने त्याला झेलले. जीव वाचला, पण त्याचा उजवा हात दोर आणि कड्याची धार यांच्यामध्ये सापडला. तीन बोटे चिरडली.

मी कडीला तसाच लोंबकळत होतो. माझा कुठे टवकाही उडाला नव्हता, की मी वाकलो नव्हतो. मास्तरने मला कडीतून सोडवले आणि खिशात टाकले. मग त्याने मिस्त्रीच्या हाताला आपला सदरा फाडून गुंडाळला.

मिस्त्रीचे ओठ पांढरे पडले होते. तरी त्याने विचारले, "खिळा कुठाय? दाखव मला."

"दरीत गेला."

"तुटला का रे?"

"कळलं नाही."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्याने मला एकदा पाहिले असते, तर क्षणात सगळे ओळखले असते. म्हणून तर मी खिशात होतो.

खाली उतरायला दोन दिवस लागले. डॉक्टरांनी तिन्ही बोटे काढली. मिस्त्रीने भट्टी विझवली. ज्यांना खिळे दिले होते त्यांच्या घरी तो एकेक करून गेला आणि आपले सगळे खिळे परत मागून आणले. चांगल्या खणखणीत माझ्या भावंडांना त्याने भंगारात घातले. पुढे तो दुसऱ्याच्या गॅरेजात डाव्या हाताने टायर बदलत राहिला.

वर्षभराने गिर्यारोहकांच्या मंडळात मास्तरने भिंतीची चित्रे दाखवली. मिस्त्री पहिल्या रांगेत होता, उजवा हात बाहीत घेऊन. मी मास्तरच्या कोटात होतो. कोणीतरी उठून विचारले, "खिळ्याच्या पाण्यातच खोट होती का हो?"

मास्तरने पाण्याचा घोट घेतला.

"असेल," तो म्हणाला.

मिस्त्रीने मान डोलावली. जणू त्याला ठाऊकच होते.

त्यानंतर मी मास्तरच्या टेबलाच्या खणात राहिलो, ब्रश आणि वाळलेल्या रंगांच्या नळ्यांखाली. आणखी एक गोष्ट कबूल करतो. मला ते सोयीचे वाटत होते. दरीत पडलेल्या खिळ्याला कोणी जाब विचारत नाही. अशी अपघातापासून एकवीस वर्षे गेली.

एके सकाळी एक मुलगी मास्तरकडे आली. तिच्या पाठीवर दोराचे वेटोळे होते. ती मिस्त्रीची मुलगी होती.

"काका, भिंतीवर जायचंय. तुम्ही काढलेले नकाशे बघायला मिळतील का?" ती म्हणाली. "आम्ही खिळे ठोकत नाही आता. भेगेत बोटांनी पाचरी अडकवतो आणि येताना काढून घेतो. तुमच्या वेळच्या खिळ्यांनी भेगा पार फोडून ठेवल्यात हो."

ते ऐकून ब्रशांखाली आणखी दडावेसे वाटले. हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

मास्तर नकाशे उलगडत म्हणाला, "बाबांना विचारलंस?"

"बाबा भिंतीचं नावच काढू देत नाहीत." ती पाठीवरचे वेटोळे उतरवत म्हणाली, "तो खिळा माझ्या जन्माच्या दिवशीचा होता ना, काका. पाणी देताना कोणीतरी धावत आलं, मुलगी झाली म्हणून. बाबांचं लक्ष उडालं, फक्त त्याच एका खिळ्यावरून. तेवढ्यात तो बिघडला, असं ते म्हणतात. मला नाही म्हणत, आईला म्हणताना मी ऐकलंय. आमच्याकडे माझा वाढदिवस नसतो. त्या दिवशी बाबा जेवत नाहीत."

मास्तरच्या हातातला नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

मला तो दिवस आठवतो, मित्रांनो. निरोप्या आला, मिस्त्री हसला, पण माझ्यावरची नजर त्याने काढली नाही. मला वेळेवर उतरवून, राखेत ठेवून, मगच तो धावत सुटला.

त्याच संध्याकाळी मास्तर मला मुठीत धरून मिस्त्रीच्या घरी गेला. त्याची मूठ घामाने चिकट झाली होती. मिस्त्री अंगणात सायकलची ट्यूब तपासत होता. मुलगी पायरीवर गाठी सोडवत बसली होती. मास्तरने मला मिस्त्रीपुढे पाटावर ठेवले.

"तुटला नव्हता. वाकलाही नव्हता. मी नीट ठोकला नव्हता. आणि मला तेव्हाच माहीत होतं."

मिस्त्रीने मला डाव्या हातात उचलले, उजव्या हाताची उरलेली दोन बोटे माझ्या कडेवरून फिरवली. आत जाऊन कानस आणली. मला पायाखाली दाबून त्याने एकदा कानस ओढली, मग दुसऱ्यांदा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली नाही, की लोण्यात शिरावी तशी रुतलीही नाही.

"पाणी बरोबर आहे," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "पोरी, इकडे ये. पाणी बरोबर आहे बघ याचं."

मुलगी येऊन त्याच्या शेजारी बसली. तिने मला हातात घेतले नाही. वडिलांचा हात घेतला.

मास्तर हात जोडून उभा होता. "काहीतरी बोल रे. शिव्या दे."

"बोटांचं काही नाही," मिस्त्री म्हणाला. "बोटं मी कधीच सोडून दिली. पण या पोरीकडे बघून मला..." त्याने कानस पाटावर ठेवली. मग म्हणाला, "आज जा तू. परत ये. पण आज जा."

मास्तर गेला. महिन्याने परत आला, नंतर पुन्हा आला. दोघे अजून फारसे बोलत नाहीत. मंडळात उभे राहून मास्तरने सगळे सांगितले, तेव्हा मिस्त्री मागच्या रांगेत होता आणि शेवट होण्याआधीच उठून गेला. मी मिस्त्रीच्या खिडकीत असतो. कधी कधी तो मला उचलतो, वजन बघतो आणि परत ठेवतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसते. आमच्या नावावर खोटे खपवणे फार सोपे असते. तुम्हाला मात्र तोंड आहे. आपल्या चुकीचा बोल दुसरा कोणी सोसतो आहे असे दिसले, तर त्याच दिवशी उठा, चप्पल घाला आणि त्याच्या दारी जा. माझ्या अंगावरचा गंज मिस्त्रीने कानशीच्या दोन ओढींत खरवडून काढला. त्या मुलीचे एकवीस वाढदिवस कोणालाही परत आणता आलेले नाहीत.