पापणीआडची उघाडी

माघातले ऊन खाडीवर कलले होते. पितळी, पातळ, थरथरते. भरतीचे पाणी खारफुटीच्या मुळांतून चढत होते. मुके, मंद, मातकट. आणि बांधाच्या अलीकडच्या घरात हसुराम म्हात्रे उशीला टेकून बसला होता, अंधाराच्या कोंडवाड्यात.

डावा डोळा काचबिंदूने कधीच नेला होता. उजव्यावर काल शस्त्रक्रिया झाली. त्यावर भोकाभोकांचे झाकण. चाळणीतून पीठ यावे तसा दिवस त्यातून आत येत होता, कण कण. वाकायचे नाही. जोर करायचा नाही. डोळ्याला हात लावायचा नाही. उभा जन्म बांधावरच्या वाऱ्यात काढलेल्या माणसाला आता खाटेएवढे जग.

बांधातली उघाडी त्यानेच राखलेली. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडणारे, भरतीला खारे पाणी अडवणारे लाकडी दार. गाळाने ते अडले की आत पाणी तुंबे, भात कुजे. मग हसुराम पाण्यात उतरून रेटा देई, आणि दार कुरकुरत सुटे.

डोळ्यातही पाणीच तुंबले होते. त्याच्या दाबाखाली नजर कुजत होती. डॉक्टरीणबाईंनी पापणीआड इवलीशी उघाडी कोरली, एवढेच त्याला उमगले होते. म्हणून सकाळपासून तो गालावर बोट फिरवत होता. गाल कोरडा. पुन्हा बोट. पुन्हा कोरडा.

खाडी चढत होती. भीती चढत होती. दार अडले. गाळ बसला. आता हाही डोळा जाणार. त्याने झाकण उचकटले. अंगठा पापणीकडे निघाला.

"अहो, काय करताय?" बायकोने, यमुनेने, मनगट धरले.

"दार अडलंय. जरासा रेटा देतो."

"रेटा देतायत! डोळा आहे तो, बांध नाही. टाका तुटला म्हणजे?"

"मग पाणी कुठाय? गाल ठणठणीत कोरडा."

"बाई सांगत होत्या तेव्हा कुठं होतात? बांधावर? ते पाणी बाहेर येतच नाही. पापणीखाली, पातळ कातडीच्या आत साचतं. तांदळाएवढा फुगा येतो. तिथून ते रक्तात जिरतं. गालावर येतात ती आसवं, ती वेगळी."

हसुरामचे बोट गालावरून खाली आले. जन्मभर त्याने बाहेर जाणारे पाणी पाहिले होते. आतल्या आत जाणारे, न दिसणारे, न वाजणारे पाणी त्याच्या ओळखीचे नव्हते.

झाकण पुन्हा बसले. अंगठा मात्र शांत होईना. पाण्यात मुरलेला, सवयीचा, हट्टी अंगठा.

"यमुने, हात बांध माझे."

"वेड लागलं का?"

"बांध. झोपेत रेटा देईन मी."

तिने जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली. मनगटे खाटेला बांधली. सैल, तरी पक्की. गाठ मारताना एक ऊन थेंब त्याच्या हातावर पडला.

"तुझी उघाडी बरी चालते," तो म्हणाला.

"गप पडा."

बाहेर भरती दारावर थडकत होती. ऊन विझत होते. खाटेवर बांधलेले दोन हात, निश्चल. आणि पापणीआड, कोणालाही न दिसता, थेंबामागून थेंब, वाटेला लागलेले पाणी.