शकूचं शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुनी, सडपातळ कादंबरी आहे. अवघ्या चौसष्ट पानांची. अमित आणि पल्लवी यांच्या प्रेमकथेचे सात जाडजूड भाग हातोहात खपले, तेव्हा प्रकाशकाने पल्लवीच्या मैत्रिणीवर, शकूवर, एक छोटी जोडकादंबरी काढली. ती मी. सातही भागांत शकू चिठ्ठ्या पोचवते, सायकल धरून उभी राहते आणि पल्लवी रडली की रुमाल देते. तिला स्वतःला काय वाटतं, ते फक्त माझ्यात आहे.

१९९६ साली मी नाशिकला, पंचवटीतल्या लताबाईंच्या वाचनालयात आले. लताबाईंनी मला खाकी कव्हर घातलं आणि मागे तारखांची चिठ्ठी डकवली. मला वाटलं, आता माझ्यावर उड्या पडणार! कसलं काय. कॉलेजच्या मुली सात भागांसाठी भांडायच्या आणि मला उलटसुलट करून म्हणायच्या, "यात अमित नाहीये? मग नको." खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटायचं.

सुरगाण्याची सुवर्णा वसतिगृहात राहून अकरावीला शिकत होती. ती वाचनालयात यायची, पण स्वतःसाठी नाही. खोलीतल्या तृप्तीची पुस्तकं बदलून न्यायची. एकदा पाचवा भाग जागेवर नव्हता, म्हणून लताबाईंनी मलाच तिच्या हातात ठेवलं. तृप्तीने मला बघून नाक मुरडलं. सुवर्णा मात्र मला घेऊन खिडकीत बसली. शेवटच्या पानाशी जरा थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. माझ्या चिठ्ठीवरच्या पुढच्या बहुतेक तारखा तिच्याच आहेत.

मग घात झाला. माझ्या शेवटच्या पानामागे बक्षिसाचं कूपन होतं. त्या कूपनासाठी कुणीतरी अख्खं पानच फाडून नेलं. शेवट नसलेली गोष्ट कोण वाचणार? लताबाईंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकलं. रद्दीवाला दारात येऊन उभा राहिला, मी जीव मुठीत धरून बसले, आणि नेमकी तेव्हाच सुवर्णा आली.

"काकू, हे नका ना देऊ रद्दीत. मला शेवट पाठ हाय. मी लिहून देते."

"अख्खं पान?"

"शब्दन् शब्द."

"बरं. उद्यापर्यंत आण. नाहीतर पुढच्या खेपेला देऊन टाकीन."

दुसऱ्या दिवशी तिने वहीचं रेघांचं पान आणलं आणि खळ लावून मला नीट चिकटवलं. आता तुम्हाला खरं सांगते. शेवट तिला पाठ होता, पण तिने तो लिहिलाच नाही. छापलेल्या पानावर शकू बसस्टँडवर उभी राहून अमित-पल्लवीच्या बसला हात हलवते, आणि गोष्ट संपते. सुवर्णाच्या पानावर ती हात हलवते, डोळे पुसते आणि शेजारी लागलेल्या स्वतःच्या बसमध्ये चढते. तिला शाळेत नोकरी लागलेली असते. खिडकीजवळची जागाही मिळते.

लताबाईंनी ते पान दोनदा वाचलं. त्यांना खरा शेवट ठाऊक होता.

"शब्दन् शब्द, काय गं?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. सुवर्णाने मान खाली घातली. लताबाईंनी त्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारला. त्या दिवसापासून तोच माझा शेवट झाला.

२००७ साली वाचनालय बंद झालं. लताबाईंनी पुस्तकं वाटून टाकली, पण मला बाजूला ठेवलं. मला न्यायला सुवर्णा आली, सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेतल्या सुवर्णाबाई म्हणून. आता मी त्यांच्या वर्गाच्या कपाटात राहते.

परवा नववीतली भागू मला वाचत होती. शेवटच्या पानावर आली आणि थबकली. तिने फळ्याकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं.

"बाई, हे अक्षर तुमचंच हाय ना?"

बाईंच्या हातातला खडू थांबला. इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाई चक्क लाजल्या.

"हो गं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, पुस्तकं जपून हाताळा. माझी छापलेली पानं आता पिवळी पडली आहेत, एखादं निखळलं तरी मी रागावणार नाही. पण ते रेघांचं पान तेवढं सांभाळा.