माझ्या उरावरचा निळा तंबू

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे आणि स्वभावाने चांगलाच जळकुकडा आहे. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे ऐकताना तुम्हाला धक्का बसणार नाही.

एका शिंपीणबाईंनी मला जाड खाकी कापडातून घरीच शिवले. त्यांचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते आणि नवऱ्याला, म्हणजे पोस्टमनदादांना, डोंगरांचे भारी वेड. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही किती वेळा गेलो! बोचरा वारा सुटला की मी अंग ताठ करून उभा राही आणि आत दोघे खुशाल घोरत. शेजारच्या तंबूतले लोक विचारत, "कुठून घेतलात हो?" तेव्हा मी नुसता फुगून जाई.

पुढे चिमी जन्मली, फिरणे थांबले आणि मी माळ्यावर गेलो. गेलो तोही ओलाच. शेवटच्या दिवशी पाऊस होता आणि परतीची बस गाठायची होती. "घरी गेल्यावर वाळवू," असे दोघेही म्हणाले होते. वाळवले कोणीच नाही.

मग इतक्या वर्षांनी एकदा जेवताना पुन्हा उद्यानाचा विषय निघाला आणि मी जीव एकवटून ऐकू लागलो.

"दोन दिवस जाऊ," शिंपीणबाई म्हणाल्या. "फाटकापाशी खोली घेऊ, फिरू आणि येऊ."

"दोन दिवसांत काय बघणार, डोंबल?" दादा म्हणाले. "आठ दिवस काढू. वरच्या दरीत राहू. पण तिथं खोल्या नाहीत, तंबूच लागतो."

तंबूच लागतो! मला वाटले, आता माळ्याला शिडी लागणार. शिडी लागली नाही. चिमीचा मामा एक चकचकीत निळा तंबू घेऊन आला.

या घरात दोन रीती आहेत. प्रवासाआधी तंबू बाहेरच्या खोलीत उभारून रंगीत तालीम करायची, ही एक. नव्या वस्तूचा माहितीचा कागद खोक्यासकट फेकून द्यायचा, ही दुसरी. दुसऱ्या दिवशी मामाने पट्टा सोडला मात्र, तो निळा फाडकन आपोआप उभा राहिला. ना खांब, ना दोरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला उभारताना लोकांनी घाम पुसला होता, टाळ्या कधी वाजवल्या नव्हत्या. माझा तर जळफळाट झाला.

पण तो मिटेना! दादांनी एक टोक दाबले की दुसरे वर येई. आत शिरून बघणारा मामा तिथेच अडकला.

"अहो, आधी मला बाहेर काढा! कागद कुठाय त्याचा?"

"खोक्याबरोबर गेला ना कालच," दादा म्हणाले.

माळ्यावर मला हसू आवरेना. शेवटी बाई कंटाळून म्हणाल्या, "राहू दे तो. आपला जुना काढा."

एवढेच ऐकायला मी इतकी वर्षे थांबलो होतो. मला खाली आणले, उलगडले आणि सगळ्यांनी नाके दाबली. छपरावर काळी बुरशी पसरली होती. बाईंनी हात फिरवला, तर बोट आरपार गेले.

"ओला ठेवला होता ना आपण," त्या हळूच म्हणाल्या.

"मग दोनच दिवस," दादा तोंड पाडून म्हणाले.

तेवढ्यात चिमी वैतागून त्या निळ्यावर धपकन बसली. त्याच्या कापडातल्या लवचीक तारा वाकल्या, बाईंनी चटकन पीळ दिला आणि तो मुकाट्याने मिटला. आठ दिवस पक्के झाले. मी मात्र जमिनीवर तसाच पडून होतो. मला रडू फुटायचेच बाकी होते.

मग बाईंनी निळ्याचे बूड चाचपले. "कांद्याच्या सालीएवढं पातळ आहे हे. वरच्या दरीत सगळी खडी. अंग टोचून निघेल." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कात्री उचलली. आता माझ्या चिंध्या होणार, असे मला वाटले. पण माझे बूड त्यांनी दुहेरी शिवून मेण लावलेले, ते अजून धडधाकट होते. तेवढेच कापून त्यांनी कडा शिवल्या.

असा मी पुन्हा डोंगरात गेलो, पण कुठे? निळ्याच्या खाली! फोटो त्याचे, कौतुक त्याचे आणि खडी माझ्या पाठीला. पहिल्या रात्री चिमी कुशीवर वळत म्हणाली, "आई, खाली जुना आहे ना? म्हणून टोचत नाही." मी गहिवरलो. मत्सर गेला का? छे, तसूभरही नाही.

शेवटच्या दिवशी पुन्हा पाऊस झाला आणि पुन्हा बस गाठायची होती. दादा आम्हाला ओलेच कोंबू लागले. "थांबा," बाई ओरडल्या. "बस गेली तर गेली. आधी जुन्याला वाळवा." त्यांनी मला खडकावर पसरले. ढग सरले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर कोणी नव्हते. समोर शिखर होते आणि अंगावर ऊन. निळा मात्र पिशवीत ओलाच घुसमटत होता. क्षणभर मला फार बरे वाटले. मग माळ्यावरचा तो कुबट वास आठवला. तो वास मी शत्रूलाही देणार नाही. तेवढ्यात बाईंनी पिशवी हुंगली आणि त्यालाही बाहेर काढले.

मित्रांनो, तंबू ओला ठेवू नका. घरी गेल्यावर वाळवू, असे तर मुळीच म्हणू नका. जुना वाळवा, नवाही वाळवा. फक्त जुन्याला आधी.