झडतीचं उत्तर

तुळशीरामचं तोंड हा त्या साली आमच्या गावाचा सार्वजनिक प्रश्न होता. चीनच्या लढाईच्या दिवसांत मोताळ्याच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगासमोर उभा राहून हा लाल टोपीवाला समाजवादी बोलला होता, की लढाई दोन्हीकडच्या राजांची आणि मरणार दोन्हीकडचे शेतकरी. पोलीसपाटील हिंमतरावांनी इमानेइतबारे रिपोर्ट दिला आणि तुळशीराम बुलढाण्याच्या जेलात जाऊन बसला. पोळ्याच्या तोंडावर सुटला, तो एका अटीवर. लढाईविरुद्ध पुन्हा बोलला की परत आत.

त्याच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईने, त्याला बैलांची शपथ घातली. "लय भोगलं मी. आता तुमी तोंड उघडलं तं मी माहेरी चालली."

पण पोळा म्हटला की झडत्या आल्या. तोरणाखाली बैल उभे करून एकाने यमक जुळवून टोमणा मारायचा, गावाने 'हर हर महादेव' गर्जायचं आणि ज्याला टोमणा बसला त्याने तिथंच उत्तर द्यायचं. उत्तर सुचलं नाही तर त्याची जोडी सगळ्यांच्या मागे. हिंमतरावांनी मिशीला पीळ दिला.

"लाल टोपी, लाल शेला,
तुळशा जेलात फुगून गेला."

गाव गर्जलं आणि पोट धरून हसलं. तुळशीरामचा चेहरा टोपीपेक्षा लाल झाला. बोलावं तर जेल, गप्प राहावं तर चारचौघांत नाक कापलेलं. जेल सोसणारा माणूस, पण झडतीला उत्तर न देणं त्यालाही सोसवेना. त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, गेला हा परत.

तेवढ्यात बैलांना ओवाळायला आलेली अन्नपूर्णाबाई ताटासकट पुढे झाली. बाईने झडती म्हणायची आमच्याकडे रीत नाही. तिने रीत कोणाला विचारलीही नाही.

"इकडचे राजे गादीवर बसले,
तिकडचे राजे गादीवर बसले,
गरिबाचे लेकरं बर्फात फसले."

झडती संपली की तोंडातून महादेव आपोआप निघतो, तिथं डोकं चालत नाही. पहिला आवाज आला तो मानाच्या जोडीची दोरी धरलेल्या इंद्रभानचा. हा हिंमतरावांचाच फौजेतला पोरगा. चीनच्या सरहद्दीवर, नेफाच्या बर्फात पायाची बोटं ठेवून आला होता आणि आल्यापासून घरात कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. त्याच्यामागून सारं गाव गर्जलं, सवयीने हिंमतरावही. गर्जून झाल्यावर त्यांना आपण काय केलं ते कळलं आणि त्यांची मिशी खाली आली.

संध्याकाळी ते तुळशीरामच्या ओट्यावर येऊन बसले. आम्ही शेजारी कान टवकारून उभे. अन्नपूर्णाबाईने पुरणपोळी वाढली.

"पाटील, रिपोर्ट कवा देऊन राह्यले?" तुळशीरामने विचारलं.

"कोनाचा देऊ बे? पयला आवाज माह्या पोराचा होता." हिंमतराव नुसतीच पोळी मोडत राहिले. मग अन्नपूर्णाबाईला म्हणाले, "वहिनी, मी त्याले इथं घेऊन येतो. ते झडती एक डाव अजून म्हना."