तिसरा ड्रम

"आई, आज शेवटचं. आज तरी वर बस ना स्टँडमध्ये!"

स्वयंपाकाच्या ट्रकच्या खिडकीतून वीणाचा नाकापर्यंतचा चेहरा तेवढा दिसत होता. आत सुहासिनी कांदे चिरत होती. पंचवीस पौंड चिरून झाले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहायचं केव्हाच थांबलं होतं.

"आणि पातेलं कोण बघणार? तुझे बाबा?"

"डॉरिस बघेल. जस्ट वन्स, आई. प्लीज."

"मला काय कळतंय गं त्यातलं! बाबा आहेत ना वर. जा, तुला उशीर होईल. आणि हात दाखव आधी."

वीणाने खिडकीतून डावा हात आत घातला. दहा दिवसांपूर्वी तिचं मनगट लचकलं होतं. सुहासिनी त्याला रोज आंबेहळदीचा लेप लावत होती आणि त्यामुळे मनगट पिवळंधमक झालं होतं. तिने ते दाबून पाहिलं. वीणाने ओठ आवळले, पण आवाज काढला नाही.

"दुखतंय."

"नाही दुखत," वीणा म्हणाली आणि पळाली.

शहाऐंशी सालचा ऑगस्ट होता आणि मॅडिसनच्या स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये उन्हाने डांबर मऊ झालं होतं. सुहासिनी देवस्थळी एरवी नेपरव्हिलच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड-क्लार्क होती. दिवसभर लोकांच्या आजारांच्या फायली जागच्या जागी लावायच्या हे तिचं काम. वर्षाची दोन आठवडे रजा मिळे आणि गेली तीन वर्षं ती सगळी रजा या चाळीस फुटी ट्रकमध्ये, दीडशे माणसांचा स्वयंपाक करण्यात जात होती. त्यापायी सांगलीला जाणं राहिलं होतं आणि बहीण रुसली होती.

ड्रम कोअर म्हणजे काय हे तिने बहिणीला पत्रातून समजावलं होतं. सव्वाशे मुलं, बिगुल, ड्रम आणि झेंडे. फुटबॉलच्या मैदानावर चालता चालता वाजवायचं. अकरा मिनिटांचा एकच कार्यक्रम हिवाळाभर घोटायचा आणि उन्हाळाभर बसमधून गावोगाव नेऊन स्पर्धेत सादर करायचा. रात्री शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं. एकविसावं वर्ष पुरं झालं की बाहेर. बहिणीने उलट टपाली विचारलं होतं, 'म्हणजे लग्नातला बँडच ना? आणि मुलीचं नाव वीणा ठेवून तिला ढोल कसला वाजवायला लावता?'

लावलं कुणीच नव्हतं. पोरीने हायस्कूलमध्ये असताना तो ढोल स्वतःच गळ्यात घालून घेतला होता. वीणाच्या पथकाचं नाव होतं लँटर्न्स आणि त्यात लहानापासून मोठ्यापर्यंत पाच मोठे ड्रम ओळीने असत. पाच मुलांनी एकेक ठोका पाठोपाठ असा वाजवायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं एकच माणूस जिना उतरतो आहे. त्यातली तिसरी, मधली पायरी वीणाची. चार हिवाळे ती बेसमेंटमध्ये टिकटिकत ताल धरणारा मेट्रोनोम लावून आपला तेवढा एक ठोका घोटत होती आणि वर सुहासिनी पोळ्या लाटत होती. एकट्या त्या ठोक्याला ना चाल होती ना सूर. तिचा नवरा चंद्रशेखर वैतागून टीव्हीचा आवाज वाढवायचा. सुहासिनीच्या लाटण्याला मात्र त्याची सवय होऊन गेली होती.

मग ती स्टँडमध्ये का बसत नव्हती? पातेल्याचं निमित्त होतं. खरं कारण तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी ती बसली होती. चांगली कांजीवरम नेसून, पर्समध्ये चिवडा घेऊन. कार्यक्रम झाल्यावर सगळे पालक मुलांभोवती जमले. वीणा घामाने निथळत आली आणि तिने विचारलं, "डिड यू गेट इट, आई?" सुहासिनीच्या मनात होतं तेच ती बोलून गेली. "छान झालं गं. पण ती मुलं सारखी एकमेकांच्या वाटेतून का पळत होती? धक्का लागला असता म्हणजे!"

आजूबाजूचे पालक हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. त्या वर्षीची थीम होती सकाळी जागं होणारं शहर, आणि ती पळापळ म्हणजे रहदारी होती. ते पुस्तिकेत छापलेलंच होतं. वीणाचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग ती म्हणाली, "इट्स ओके, आई." परक्या पाहुण्याच्या हातून कप फुटला की आपण म्हणतो ना, तसं. तो कप सुहासिनीच्या मनात आजवर फुटतच होता. पुढल्या उन्हाळ्यात ट्रकवर माणसं हवीत म्हटल्यावर तिने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

चंद्रशेखर टेलिफोनच्या यंत्रांचा इंजिनिअर. त्याचं म्हणणं, यात अवघड काही नाही. आधी थीम वाचायची, मग बघायचं. मॅन्युअल न वाचता यंत्राला हात लावणारी माणसं त्याच्या डोक्यात जात. तो दर वर्षी पुस्तिका विकत घेई आणि लाल पेनने खुणा करी. या वर्षी मात्र त्याचीही पंचाईत झाली होती. पुस्तिकेत छापलं होतं, 'अ जिऑग्रफी ऑफ अ‍ॅब्सेन्स'. जिऑग्रफी त्याला कळत होती, अ‍ॅब्सेन्सही कळत होता. दोन्ही एकत्र आल्यावर त्याचं काही चालेना.

ट्रकमध्येही गेले दोन आठवडे याच विषयावर वाद रंगला होता. कुणी म्हणे, प्रेक्षकाला थीम कळलीच पाहिजे, नाहीतर मुलं एवढी राबतात कशासाठी? डॉरिस ही निवृत्त नर्स ट्रकची मुख्य होती. तिने कलथा आपटून निकाल दिला होता. "टाळी वाजवायच्या आधी मला वाचावं लागणार असेल तर मी लायब्ररीत जाईन!" सुहासिनी त्या वादात पडत नसे. ती फोडणी घाली. ट्रकवर आली त्या पहिल्या उन्हाळ्यात तिने भीत भीत मुगाच्या डाळीची खिचडी केली होती. मुलांनी तिचं नाव 'मिसेस डीज यलो' ठेवलं, आणि तेव्हापासून हंगामाच्या शेवटच्या जेवणाला दुसरं काही चालत नसे.

फायनलला बारा पथकं होती. आधीच्या फेरीत सगळ्यांत कमी गुण मिळालेलं पथक सगळ्यांत आधी मैदानात उतरतं आणि लँटर्न्स बारावे होते. म्हणजे ऊन असताना, स्टँड अर्धे रिकामे असताना आणि लोक पॉपकॉर्न घेऊन आपापल्या जागा शोधत असताना वाजवायचं.

भिंतीपलीकडे बिगुल सुरू झाले तेव्हा खिचडीला पहिली उकळी येत होती. सुहासिनी डाव फिरवू लागली. कार्यक्रम तिला तोंडपाठ होता. वाहनतळावर उभं राहून ऐकून ऐकून झालेला, एकदाही न पाहिलेला. आता बिगुल थांबणार, आता झेंडेवाल्या मुली धावणार, आता ड्रम जिना उतरणार.

ड्रम जिना उतरले आणि सुहासिनीचा हात थांबला.

एक, दोन... चार, पाच.

तिला वाटलं, वाऱ्याने आवाज खाल्ला असेल. पुन्हा ड्रम आले. एक, दोन, मग मधे एक पोकळ जागा, मग चार, पाच. चालताना पायरीच नसावी आणि पाय खाली जावा, तशी ती जागा होती.

"डॉरिस, तिचा हात गेला!"

"कुणाचा हात? काय झालं?"

सुहासिनी तोवर ट्रकच्या पायऱ्या उतरून पळत सुटली होती. अंगात एप्रन, पायांत रबरी सपाता, हातात डाव आणि वय एकोणपन्नास. दारावर लाल जाकिटातला एक म्हातारा तिकिटं तपासत होता.

"तिकीट, मॅम?"

"माय डॉटर," ती धापा टाकत म्हणाली. "नंबर थ्री. नंबर थ्री इज नॉट प्लेइंग!"

म्हाताऱ्याने मैदानाकडे पाहिलं. तिथे सव्वाशे मुलांचा नुसता दणदणाट चालला होता. मग त्याने हिच्याकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं आणि निमूटपणे बाजूला झाला.

बोगद्याच्या तोंडाशी येऊन ती थबकली. मैदान केवढं मोठं होतं! चार मोठे ड्रम ओळीने तिरके चालले होते आणि दुसऱ्या-चौथ्याच्या मधे बरोबर एका ड्रमाएवढी जागा मोकळी होती. ती चौघं वळत होती, मागे सरत होती, पण ती जागा कुणी भरत नव्हतं. वीणा दूर मागच्या रेषेवर एकटी उभी होती. पाठ लोकांकडे, काठ्या खाली. मनगटाचा पिवळा पट्टा इतक्या लांबूनही दिसला.

कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. सुहासिनीच्या डोक्यावरच्या रांगेत एक बाई नवऱ्याला सांगत होती की आपल्या सीट्स पलीकडे आहेत. आणि ही आपली डाव छातीशी धरून उभी. देवा, तिला खूप दुखत असेल रे. शेवटच्या दिवशी असं नको करूस. बारावी येऊ दे नाहीतर बाविसावी, पण पोरीला वाजवू दे.

सगळे बिगुल एकदम उंच चढले आणि एकदम थांबले. मैदान गप्प झालं. तेव्हा वीणा सावकाश वळली. तिने डावाच हात उचलला आणि एक ठोका दिला.

एकच. स्वच्छ, वेळेवर आणि अगदी जागच्या जागी.

तो ठोका सुहासिनीने हजारो वेळा ऐकला होता. हात धड होता, पोरगी धड होती. ती तिथेच भिंतीला टेकली आणि पंचवीस पौंड कांद्यांनी आलं नव्हतं तेवढं पाणी तिच्या डोळ्यांतून आलं. स्टँडमधून टाळ्या पडल्या, पहिल्या नंबरावर येणाऱ्या पथकाला पडतात तेवढ्या.

पथक बोगद्यातून बाहेर पडू लागलं. रांगेत असताना बोलायचं नसतं, मान वळवायची नसते. वीणा आईसमोरून गेली तेव्हा तिची मान सरळच होती. डोळे तेवढे एप्रनवर, मग डावावर गेले.

बाहेर रांग मोडली तशी ती ड्रमसकट धावत आली.

"आई! तू आत कशी?"

"तुझा ठोका ऐकू येईना. मला वाटलं, हात गेला. बघू, बघू आधी हात."

"हात ठीक आहे. वेट. तू होतीस कुठे? व्हेअर वेअर यू?"

"कुठे म्हणजे? ट्रकमध्ये. डाळ लागेल म्हणून ढवळत होते."

"ट्रकमध्ये," वीणा म्हणाली. तिने ड्रमवर दोन्ही हात ठेवले. मग ती बहुतेक इंग्रजीत, घाईघाईने सांगू लागली. शेवट बुधवारी बदलला होता, फक्त आजच्यासाठी, आणि त्याचा सराव ट्रकपासून लांब केला होता. कल्पना तिचीच होती, शेवटचं वर्ष म्हणून. ओळीतून एक जण गेला तर काय होतं, एवढंच दाखवायचं होतं. यावर मास्तरांची आपसांत भांडणं झाली. पाचातला एक ठोका नसला तर लोकांना काय कळणार? थीम कळायला हवी, आणखी मोठं काहीतरी करा. ड्रमचे मास्तर तर म्हणाले होते, स्टेडियममध्ये एकाच्याही लक्षात येणार नाही.

"म्हणून तुला वर बसवायचं होतं मला. मग शो झाल्यावर मी तुला सांगणार होते. अँड यू... तू बाहेरून ऐकलंस!"

"अगं, मला थीम-बीम काही कळली नाही हं," सुहासिनी घाबरून म्हणाली. पुन्हा कप फुटायला नको होता. "मला एवढंच कळलं की तू नाहीयेस."

वीणा पुढे झाली. मधे ड्रम होता, त्यामुळे मिठी नीट मारता येईना. तिने वाकून आपलं ओलं कपाळ आईच्या खांद्याला टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

इतक्यात पुस्तिका हलवत चंद्रशेखर आला. "फर्स्ट क्लास! मी सगळं फॉलो केलं, एकूण एक. फक्त शेवटी तू एकटीच का वाजवलंस ते काही यात लिहिलेलं नाही."

त्याला कुणीही हसलं नाही.

"आईला विचारा, बाबा," वीणा म्हणाली.

ट्रकमध्ये डॉरिस हात कमरेवर ठेवून उभी होती. खिचडी लागली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. डॉरिसने वरची वर काढून वाचवली होती, पण तिला करपट वास आलाच. मुलांनी तरी दोनदा दोनदा वाढून घेतली आणि मिसेस डींना सांगितलं, आज स्मोकी फ्लेवर आहे. गुण जाहीर व्हायला अजून अवकाश होता. बारावे आले तरी आता कुणाला काही वाटणार नव्हतं.

वीणा सगळ्यांत शेवटी आली. ड्रम तिने जमा केला होता. तो झाकण घालून सामानाच्या ट्रकमध्ये चढला होता आणि पुढल्या वर्षी कुणा दुसऱ्याच्या गळ्यात जाणार होता. सप्टेंबरात ती अटलांटाला नोकरीवर जायची होती. पट्ट्यांनी तिच्या खांद्यांवर दोन लाल वळ उठले होते. रिकामे खांदे कुठे ठेवावेत हे तिला कळत नसल्यासारखं दिसत होतं.

पोरगी बोलायची इंग्रजीत आणि काही हवं असलं की मराठीत यायची, लहानपणापासूनची खोड. लहानपणी पातेलं रिकामं झालं की ती आणि तिचा भाऊ रवी तळाच्या लागलेल्या खमंग पापुद्र्यासाठी हातघाईवर येत. रवी मोठा, म्हणून बहुतेक वेळा तोच जिंके. आता तो कॅलिफोर्नियात शिकत होता.

तिने खिडकीतून आत डोकावून पातेल्याचा तळ पाहिला.

"आई," ती म्हणाली, "खरवड कुणाला दिली?"

"कुणाला देणार?" सुहासिनी म्हणाली. ती पातेल्यात जवळजवळ कमरेपर्यंत वाकली आणि डावाने तळ खरवडू लागली.